कीबाईंचं इंग्रजी

आमच्या बाई इंग्रजीलाही ‘की’ लावायच्या. ‘सिट डाऊन की.’ ‘ओपन द विंडो की रे, किती उकडतंय.’ ‘रीड की, पुस्तक काय चावतंय का तुला?’ मराठीत आम्ही सोलापूरकर या की, बसा की, जेवा की असं म्हणतोच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण बाईंच्या तोंडून इंग्रजी आलं तरी तेही आमच्यासारखंच अनवाणी यायचं. त्यामुळे शाळेत त्यांचं नाव कीबाई पडलं आणि ते त्यांना ठाऊक होतं. एकदा कोणीतरी फळ्यावर भलंमोठं ‘किबाई’ लिहून ठेवलं. बाईंनी खडू उचलला, ऱ्हस्व ‘कि’ची दीर्घ ‘की’ केली आणि धडा सुरू केला.

मी करकंबचा. सातवीनंतर सोलापुरात मामांकडे शिकायला आलो. पहिल्याच दिवशी बाईंनी मला उभं करून इंग्रजीत काहीतरी विचारलं. पुस्तक आणलंस का, असं असावं. मी म्हणालो, ‘न्हाय.’ सगळा वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘त्याचं न्हाय एकदम बरोबर हाय. दत्तू, तुझं न्हाय तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. फक्त त्याच्या शेजारी आणखी एक शब्द ठेव. नो. म्हण की.’ मी ‘नो’ म्हणालो. माझ्या आयुष्यातला चारचौघांत उच्चारलेला तो पहिला इंग्रजी शब्द. आज सोलापुरातल्या सात रस्त्याजवळ माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे आणि बाहेरच्या पाटीवर टाय लावलेला माझा फोटो आहे. त्या टायची गाठ बाईंच्या ‘नो’पासून सुरू होते, हे पाटीवर लिहिलेलं नाही म्हणून इथे लिहितो.

बाई जेऊरच्या. वडील रेल्वेत रुळांच्या कामावर होते. गावात ख्रिस्ती घरं दोन-तीनच. तिथल्या पाळकांच्या बायकोनं बाईंना इंग्रजी शिकवलं, चुलीपुढे बसून, भाकरी थापता थापता. बाईंचं लग्न झालं, पण यजमान लवकर गेले आणि मूलबाळ नव्हतं. मधल्या सुट्टीत त्यांच्या डब्यातली शेंगाचटणी त्यांच्यापेक्षा आम्हीच जास्त खाल्ली. एकदा मी शहाणपणानं विचारलं होतं की बाई, इंग्रजीत ‘प्लीज’ आहे ना, मग ‘की’ कशाला? त्या म्हणाल्या, ‘प्लीज दारातल्या माणसाला म्हणत्यात. घरातल्याला की म्हणायचं.’

धर्माबद्दल त्या वर्गात चकार शब्द काढत नसत. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, ‘माझा ख्रिस्त माझ्या वागण्यात दिसला तर दिसंल. तिथं नाही दिसला तर बोलून काय उपयोग?’ परीक्षेच्या आधीच्या रविवारी मात्र त्या देवळातल्या, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या, उपासनेत आमच्यासाठी प्रार्थना करायच्या, तीही हजेरीपटाच्या क्रमानं, एकही नाव न गाळता. माझा नंबर शेवटून तिसरा होता. माझ्यापर्यंत येईतो देवाला कंटाळा येत असेल, असं मला फार वाटायचं. एकदा हे त्यांना सांगितलं, तर पुढच्या वर्षी त्यांनी नावं उलट्या क्रमानं घेतली.

अशा या बाई निवृत्त झाल्या आणि वर्षभरात त्यांनी मंगोलियाला जायचं काढलं. तिथल्या एका लहान गावातल्या ख्रिस्ती मंडळीला मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणारं कोणीतरी हवं होतं, आणि एक मिशन संस्था शिक्षक शोधत होती. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर ही सूचना वाचून दाखवली तेव्हा हात वर झाला तो एकट्या बाईंचा. मी त्यांना भेटायला गेलो आणि म्हणालो, बाई, आपल्याकडे एप्रिलमध्ये डांबर पातळ होतं, तिकडे थंडीत नदी गोठते, त्यावरून गाड्या जातात. त्या म्हणाल्या, ‘उन्हात तर जन्म काढला. आता जरा थंडी बघू की.’

संस्थेनं संगणकावरून मुलाखत घेतली. पलीकडे चार माणसं होती. त्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी तुम्ही हे काय म्हणता? मुलाखतीतही आपली ‘की’ निघत होती, हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग निरोप आला की तिथल्या विद्यार्थ्यांना स्वच्छ इंग्रजी मिळायला हवं, तेव्हा बोलणं सुधारून तीन महिन्यांनी पुन्हा या.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या क्लासच्या दारात उभ्या. मी खुर्ची दिली, पण त्या सरळ मागच्या बाकावर पोरांमध्ये जाऊन बसल्या. क्लास सुटल्यावर म्हणाल्या, ‘दत्तू, सगळा जन्म सोलापुरात गेला. आता या वयात मला कुटंतरी बोलावणं आलंय, आणि ते या एका अक्षरापायी अडलंय. एवढी “की” माझ्या तोंडातून काढून टाक.’

मी काढली. बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला आणि शेजारी चिंचोके ठेवले. ‘की’ तोंडातून गेली की बाईंनी स्वतः उठून एक चिंचोका डब्यात टाकायचा. पहिल्या दिवशी डबा खडखडून वाजत होता आणि पोरं खूश होती. बाई तोंडावर हात धरायच्या, जीभ चावायच्या, वाक्य अर्ध्यात थांबवायच्या. मला त्यांची दया यायची, पण मी सर होतो आणि त्या मला वर्गात सरच म्हणायच्या. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डबा रिकामा राहिला. दुसऱ्या मुलाखतीत बाई पास झाल्या. मी क्लासमध्ये पेढे वाटले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला बाईंपेक्षा स्वतःचाच जास्त अभिमान वाटत होता.

सोलापूर स्टेशनवर त्यांना पोचवायला देवळातली मंडळी होती, आम्ही जुने विद्यार्थी होतो. भर मे महिन्यात बाईंनी नवा लोकरी कोट अंगात घातला होता, कारण तो कुठल्याच पेटीत मावत नव्हता. बरोबर दोन सोलापुरी चादरी होत्या आणि शेंगाचटणीची बरणी. माझ्याकडचा चिंचोक्यांचा डबाही त्यांनी मागून घेतला होता. गाडी हलली. शाळेत रोज घंटा झाल्यावर त्या आम्हाला ‘उद्या या की’ म्हणून सोडायच्या. आता खिडकीतून म्हणाल्या, ‘गुडबाय. टेक केअर.’ अगदी स्वच्छ, स्टेशनच्या भोंग्यातून यावं तसं. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मी बाहेर येऊन एक चहा घेतला आणि घरी गेलो.

दर शनिवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. वर्गात अकरा जण होते. एक नर्स, एक ट्रकवाला, दोघी दुकानदारणी, बाकीच्या मेंढ्यांवाल्या घरच्या बायका. दिवसभर मेंढ्या-बकऱ्यांमागे असणारी माणसं, म्हणजे बाईंना ती परकी वाटलीच नाहीत. अडचण एकच होती. ती लिहायची, वाचायची, पण बोलायची नाहीत. बाईंनी ‘प्लीज स्पीक’ म्हटलं की अकरा माना खाली जायच्या. थंडी ओसरल्यावर संस्थेचा माणूस वर्ग बघायला येणार होता. विद्यार्थी बोलत नसतील तर वर्ग बंद होणार होता आणि बाईंना परत यावं लागणार होतं. एका शनिवारी त्या म्हणाल्या, ‘दत्तू, माझं इंग्रजी आता लई चांगलं झालंय. पण त्याला कोणी उत्तरच देत न्हाय.’ मी त्यांना चित्रांची कार्डं वापरायला सांगितलं. माझ्याकडे तेवढंच होतं.

मग पंधरा दिवसांनी शनिवारच्या फोनवर बाई अपराध्यासारख्या म्हणाल्या, ‘सर, चिंचोका पडला.’

झालं होतं ते असं. ओयुना नावाची ती नर्स आपल्या आजारी आईबद्दल काहीतरी सांगायला उभी राहिली होती. ‘माय मदर’ एवढं म्हणाली आणि अडली. डोळे भरले होते, शब्द नव्हते. बाई सगळं शिकलेलं विसरल्या आणि त्यांच्या तोंडून गेलं, ‘स्पीक की, ओयुना.’ तिनं विचारलं, की म्हणजे काय? बाईंनी लाजत लाजत तेच सांगितलं, प्लीज दारातल्या माणसाला आणि की घरातल्याला. ओयुनानं ते आपल्या भाषेत बाकीच्यांना सांगितलं आणि सगळे हसले. त्यांच्या भाषेतही म्हणे हुकूम मऊ करणारी अशीच एक शेपटी आहे. मग ती बोलली. तीन वाक्यं बोलली, तिन्ही चुकली, आणि बाईंनी एकही दुरुस्त केलं नाही. पेटीतला डबा काढून त्यांनी तिच्या हातावर एक चिंचोका ठेवला. मी जे दंडाला वापरलं ते बाईंनी बक्षिसाला वापरलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला चिंचोका हवा होता.

मी मात्र चिडलो. पाहुणा यायचा आहे, तीन महिन्यांची मेहनत वाया जाईल, पुन्हा बोट ठेवतील, असं बरंच बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, ‘तुझं न्हाय मी काढलं होतं का रे?’ त्या दिवशी संध्याकाळच्या बॅचला मी लवकर सोडून दिलं.

पाहुणा आला तो नेमका मुलाखतीत ‘की’वर बोट ठेवणाराच गृहस्थ. दारातच ट्रकवाला त्याला ‘कम इन की’ म्हणाला. एक दुकानदारीण दुधाच्या खारट चहाचा वाडगा पुढे करून ‘ड्रिंक की’ म्हणाली. गृहस्थ मागे उभा राहून वहीत लिहीत होता. हे सगळं बाईंनी मला नंतर फोनवर सांगितलं. शेवटी त्यानं वर्गाला विचारलं, हा शब्द इंग्रजीत नाही, तुम्हाला माहीत आहे का? बाई उत्तर द्यायला उठल्या, पण त्यांच्या आधी ओयुना उठली. ‘वुई नो, सर. प्लीज इज फॉर डोअर. की इज फॉर हाऊस.’ आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवून म्हणाली, ‘यू सिट की.’ तो बसला. वर्ग सुटेपर्यंत बसून होता, आणि तेवढ्या वेळात अकराच्या अकरा जण त्याच्याशी बोलले.

महिनाभर काही कळलं नाही. मग पत्र आलं की वर्ग चालू ठेवावा. ‘की’बद्दल त्यात बरंवाईट काहीच नव्हतं. बाई म्हणाल्या, ‘लिवलं न्हाय म्हंजे चालतंय की.’ मी ही गोष्ट क्लासमध्ये सांगितली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून माझ्याकडे कोणाचंही न्हाय, व्हय, लई काढून टाकलं जात नाही. आम्ही शेजारी दुसरा शब्द ठेवतो.

बाई तिथे सहा वर्षं राहिल्या. ओयुना आता राजधानीच्या मोठ्या इस्पितळात बाहेरदेशच्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलते. शनिवारी मात्र बाईंचा वर्ग चालवायला गावी येते. बाई परत आल्या त्या हृदयाचं दुखणं घेऊन. सोलापुरातल्या दवाखान्यातही त्या तिथल्या पोरीला ‘सुई जरा हळू टोच की’ म्हणत होत्या. एका शुक्रवारी सकाळी त्या गेल्या. दफनाला देवळातले लोक होते, आणि हजेरीपटातले आम्ही सगळे होतो, हिंदू, मुसलमान, तेलुगू विणकरांच्या घरचे, पांढरे झालेले, टक्कल पडलेले. सर्वांच्या आधी बाईंच्या शवपेटीला खांदा कोणी द्यायचा यावर थोडी ढकलाढकलही झाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तिकडे वर्ग भरायच्या वेळी फोन करून कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी कागदावर चांगली चार वाक्यं लिहून घेतली. बिनचूक, शोभेशी, दोनदा तपासलेली. ओयुनानं फोन उचलला. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मी, इंग्रजीचा सर.

ओयुना हळूच म्हणाली, ‘स्पीक की, सर.’

जेऊरच्या बाईंचा शब्द. मी तीन महिने खपून काढून टाकलेला. सोलापूर कधी न पाहिलेल्या बाईच्या तोंडून तो मला इथे सोलापुरात ऐकू आला. रडू आलंच, पण त्याच्याही आधी बाईंचा अभिमान वाटला. मी कागद बाजूला ठेवला आणि बोललो. तीन वाक्यं बोललो, तिन्ही चुकली. तिकडून कोणी दुरुस्त केली नाहीत.