घाण्यावरचा पाहुणा

साठ सालाच्या आधीच्या एका नोव्हेंबरात आमची बोट दुरुस्तीसाठी जेनोव्याच्या गोदीत थांबली होती. त्या मुक्कामातल्या एका रविवारी आम्ही दोघे खलाशी बसने जवळची खेडी बघायला गेलो. माझा सोबती कट्टा गावचा. परक्या मुलखातली प्रत्येक गोष्ट गावच्या मापाने मोजायची त्याला सवय होती.

एका जुन्या हवेलीसमोर तो म्हणाला, "घर बरां आसा, पण पडवी खंय?" बागेतल्या संगमरवरी बायकांना त्याने विचारले, "थंडी नाय वाजत गो तुमका?" पाने गळलेला द्राक्षमळा त्याला आपल्या मिरवेलींपुढे किरकोळ वाटला.

पुढे ऑलिव्हचा घाणा लागला. त्याच्या गावी घाण्यावर आलेल्या पाहुण्याला खोबऱ्याची ताजी पेंड देतात, आणि ती थुंकणे म्हणजे त्या घराचा अपमान. इथेही त्याने पेंडीची मूठ उचलून तोंडात टाकली. ती कडूजहर होती आणि तीत बियांचे तुकडे होते. घाण्याच्या मालकीणबाई बघत होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"थुंक रे," मी म्हणालो.

"घाण्यार? खुळो काय तू?"

त्याने घास चावून गिळला आणि बाईंकडे बघून मान डोलावली. बाई हसत त्याला भट्टीकडे घेऊन गेल्या. तिथे तीच पेंड जळणाला घालत होते. मग त्यांनी पावावर ताजे तेल ओतून त्याच्यापुढे धरले. पाव हातात घेऊन तो माझ्याकडे वळला.

"ह्यां तरी माणसां खातत मां?"

मी हो म्हणालो. त्याने पाव खाल्ला आणि आणखी मागितला.