चारात एक

माझी आत्या बाळंतिणींच्या वॉर्डात एकतीस वर्षं नर्स होती. आवाज असा करडा की आख्खा वॉर्ड तिला 'हवालदार' म्हणायचा. जन्मलेलं मूल रडलं नाही, तर ती त्याची पाठ टॉवेलने खसाखसा चोळायची. मग त्या मुलाची गप्प राहायची काय बिशाद!

एका सकाळी तिने असंच एक मूल चोळलं. ते रडलं, पण पाठीची कातडी टॉवेललाच चिकटून आली. डॉक्टर म्हणाले, आजार जन्मजात आहे. आईबापांच्या अंगावर काही दिसत नाही, पण दोघांकडचा दोष मुलात एकत्र आला की कातडी अंगाला धरून राहत नाही. अशा जोडप्याच्या चारात एका मुलाला होतो.

"तुमची काही चूक नाही, सिस्टर."

हे बोलायला काय जातं? एकोणिसाव्या दिवशी मूल गेलं. आत्या कित्येक दिवस धड जेवली नाही.

दोन वर्षांनी तीच आई पोटुशी राहून आली. आत्याला म्हणाली, "चारात एक ना, सिस्टर? तो एक होऊन गेला. आता पुढचे तीन धडधाकट."

धोका दर खेपेला तेवढाच असतो, पोटातल्या बाळाची तपासणीही करता येते, हे आत्याला चांगलं ठाऊक होतं. पण त्या पोरीचा फुललेला चेहरा बघून तिची जीभ रेटेना. डॉक्टर सांगतीलच, असं मनाशी म्हणत तिने वेळ मारून नेली.

मूल जन्मलं ते निपचित. आत्या टॉवेल हातात धरून नुसती उभी.

"चोळा ना, सिस्टर!" डॉक्टर ओरडले.

तिने चोळलं. मूल रडलं. "रडला! ऐकलंत का?" आई पडल्या पडल्या हसत म्हणाली. आत्याने खाली पाहिलं. पाठ सोलवटून निघाली होती.

आत्याने नोकरी सोडली. मूल सात महिने जगलं. ती रोज त्यांच्या घरी जाऊन त्याच्या पट्ट्या बदलायची. पट्टी निघताना ते असं किंचाळायचं की बाप उठून रस्त्यावर जायचा.

ते गेलं त्या दिवशी मी तिची समजूत काढायला गेलो. म्हणालो, "आत्या, तू चोळलं नसतंस तर ते तेव्हाच गेलं असतं गं."

"हो," ती म्हणाली. "न रडता गेलं असतं."