‘तू’ आला की ‘स’ लागलाच

“‘तू’ आला की ‘स’ लागलाच!” असं म्हणून आमचे मास्तर टेबलावर टिचकी मारत, आणि दौतीतली शाई हिंदकळे.

सोलापुरातल्या एका शाळेत आम्ही दोघं मराठी शिकवत होतो. बाजारातल्या रद्दीत त्यांना स्पॅनिश व्याकरणाचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं आणि माणूस खुळावला. मधल्या सुट्टीत मला धरून बसवत.

“ऐका. आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा. आणि आपलं? मी बोले, तू बोलेस, तो बोले. अहो, कुठं स्पेन, कुठं सोलापूर! एकदाच घडलं त्याचं रूप वेगळं, नेहमी घडे त्याचं वेगळं. दोघांकडेही!”

कोमीआ म्हणजे खाई, विवीआ म्हणजे राही. अशा जोड्यांनी अख्खी वही भरली होती. तुम्हीही हसला असता. आम्ही सगळेच हसत होतो.

तीस साली मार्शल लॉ लागला आणि शहरात झडत्या सुरू झाल्या. एक जमादार मास्तरांच्या खोलीत शिरला आणि ती वही त्याच्या हाती लागली.

“ह्यो आब्लाबा कोन हाय? कुटं ऱ्हातो?”

“माणूस नव्हे हो, क्रियापद आहे. आब्लाबा म्हणजे बोले.”

“कोन बोले?”

“मी. किंवा तो. दोघांना रूप एकच.”

“मग त्यो कोन, त्ये सांगा की!”

मास्तर त्याला खरोखरच समजावून सांगू लागले, हेच त्यांचं चुकलं. वहीत गुप्त भाषा आहे म्हणून नऊ दिवस कोठडीत ठेवलं.

चौकीवरून शाळेत विचारणा आली. वही व्याकरणाची आहे, एवढं सांगणारं दोन ओळींचं पत्र पुरलं असतं. हेडमास्तर म्हणाले, “असली भाषा आपल्याकडे शिकवत नाहीत. आपला संबंध नाही.” आम्ही सगळे शिक्षक तिथंच चहा पीत बसलो होतो. एकानंही कप खाली ठेवला नाही. मीही नाही.

मास्तर सुटून आले तेव्हा हजेरीपटावरून त्यांचं नाव गेलं होतं. ते भांडले नाहीत. वही परत मागायला मात्र तीनदा चौकीवर गेले. तिसऱ्यांदा कळलं, की ती जाळली. मग ट्रंक उचलून ते होटगीला बहिणीकडे निघून गेले.

मला आजही संताप येतो तो त्या जमादाराचा नाही. त्याला व्याकरण येत नव्हतं. आम्हाला येत होतं.

सोमवारी हेडमास्तरांनी मास्तरांचा वर्ग मला दिला. मी खडू उचलला आणि गेलो.