कार्टन न घेता निघालेले बाबा

गावी जायचं म्हणून नवऱ्याने आज कार्टन भरायला घेतलं. साबण, खजूर आणि दूध पावडरचा तो एकत्र वास आला आणि बौशरच्या आमच्या जुन्या फ्लॅटमधली एक दुपार आठवली.

माझे बाबा इथे आखातातच, सोहारच्या कारखान्यात फिटर होते. सुट्टी जवळ आली की गावच्या माणसांना न्यायच्या वस्तूंनी त्यांचं कार्टन भरणं सुरू व्हायचं. वरून निळी नायलॉनची दोरी ते अशी आवळत, की शेजारीसुद्धा आपली खोकी त्यांच्याकडेच आणत. निवृत्त झाले, त्याच वर्षी आई गेली आणि ते आमच्याकडे राहायला आले. त्या दुपारी गावी निघताना ते सोफ्यावर बसले होते. दाढी वाढलेली, पायाशी लहानशी बॅग, समोरच्या चहावर साय धरलेली.

"बाबा, कार्टन कुठंय?"

"कुणाला काय न्यायचं आता? खलास."

"बरं झालं, या वेळी वजनाची कटकट नाही," नवरा हसला. मीही हसले.

वर्षभराने त्यांचं जेवण सुटलं, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. "हे म्हातारपण नाही, नैराश्य आहे. उपचारांनी बरं वाटेल," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, "पूर्वी आवडीने करायचे आणि आता सोडलंय, असं काही?"

"कार्टन बांधणं," मी पटकन म्हणाले.

औषधांनी बाबा पुढे बरेच सावरले. पण त्या दिवशी माझं उत्तर ऐकून त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. तेव्हाच तुझ्या लक्षात आलं होतं तर, असं त्या नजरेत होतं.