लिंबोणीला तीन काड्या

आमचे हे तीस वर्षं सार्वजनिक बागेत माळी होते. दिसेल ती काटकी सोलून आत बघायची सवय, म्हणून बागेतले सगळे त्यांना ‘सोलकाका’ म्हणत. अजूनही जेवता जेवता भाजीचा देठ आडवा कापतात आणि उजेडाकडे धरतात. भाजी गार होते ती होतेच.

यंदा मागच्या दारची लिंबोणी लगडली. ती मी लावलेली, मुलगी झाली त्या वर्षी. शेजारणींना पिशव्या भरभरून लिंबं देताना माझे पाय जमिनीवर नव्हते. हे मात्र तोंड पाडून बसलेले. बुंध्याला त्यांनी गोणपाट गुंडाळलं होतं, विचारलं की म्हणायचे, “मुंग्या होतात.”

मुंग्या कसल्या! एक दिवस मी गोणपाट ओढलंच. बुंध्याची साल चार बोटं रुंद, सबंध गोल निघालेली. आत नुसतं लाकूड.

“गवत कापायचं यंत्र लागलं. माझ्याच हातून,” हे पुटपुटले.

“मग पानं हिरवी कशी? आणि एवढी लिंबं?”

चोरी पकडली गेली होती, पण प्रश्न आवडला होता. यांचे डोळे लकाकले. “पाणी लाकडातून वर चढतं, ते चालू आहे. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं. ती वाटच तुटली, म्हणून सगळं वर अडकलं, त्याची ही लिंबं. मुळं उपाशी आहेत गं. साठवलेलं संपलं की झाड गेलं.”

मी रडले. मग भांडले. मग म्हटलं, “उपाय करा.”

त्यांनी त्याच झाडाच्या तीन काड्या काढल्या. मी एकेक हातात द्यायची, हे दोन्ही टोकं तासून एक जखमेच्या वर आणि एक खाली सालीत खोचायचे, तुटलेल्या वाटेवर पूल घातल्यासारखं. “लाकडाला चिकटून हा निसरडा थर आहे ना, त्याला काडीतला तसाच थर भिडला पाहिजे. नवं लाकूडही तोच करतो, नवी सालही तोच. आणि बुडखा खाली, शेंडा वर.” वरून मेण फासलं.

दोन महिन्यांत दोन काड्या फुगल्या, तिसरी कोरडीठाक. जवळ जाऊन बघते तर तिचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, जमिनीकडे वळलेले. उलटी लागली होती! काड्या मीच दिल्या होत्या. यांना नावं ठेवणारी मी, आता कुठल्या तोंडाने बोलू? आठवडाभर घास गोड लागला नाही.

शेवटी न राहवून म्हटलं, “अहो, ती काडी मी उलटी दिली हो.”

“छे, तू सरळच दिली होतीस.” हे ती वाळकी काडी सोलत बसले होते. “मीच फिरवली. झाड जगायला दोन पुरतात. तिसरी उलटी लावली तर काय होतं, ते बघायचं होतं. बागेच्या झाडावर कोण करू देणार? तीस वर्षं थांबलो होतो.”

माझ्या झाडावर! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तरी तरातरा जाऊन त्यांच्याशेजारी बसले आणि हात पुढे केला.

“बघू, आत काय दिसतंय?”