टोल्याचा रस्ता

रिपोर्ट जवळजवळ लिहून झाला होता. शेवटची ओळ तेवढी राहिली होती. ‘सदर रस्ता विद्यार्थ्यांना ये-जा करण्यासाठी सुरक्षित आहे’ असं लिहायचं, सही करायची, शिक्का मारायचा, काम खलास. शाळेत मी फक्त पाहणी झाल्याची पोच घ्यायला गेलो. ती टपालाने मागवता आली असती तर गेलोही नसतो.

तेव्हा मी चंद्रपूर जिल्ह्यात आरएफओ होतो. म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याचा, रेंजचा, अधिकारी. वाघ जंगलात असेपर्यंत आरएफओला कुत्रं विचारत नाही. वाघ गावाकडे आला की सगळ्या शिव्या त्याच्या.

गावात सातवीपर्यंतची शाळा होती. जंगल ओलांडून अडीच किलोमीटरवर गोंड कुटुंबांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती. तिथून अकरा मुलं पायवाटेने शाळेत यायची. डिसेंबरात वाटेपासून जवळच वाघिणीने एक बैल मारला. लगेच शिक्षण खात्याचं पत्र आलं, रस्ता सुरक्षित आहे की नाही ते लेखी कळवा. नसेल तर मुलांना आश्रमशाळेत हलवू. आश्रमशाळा निवासी, आणि चाळीस किलोमीटर लांब. टोल्यातली माणसं पोरींना तिकडे ठेवणार नाहीत, हे मलाही कळत होतं. जानेवारीत तिथली अर्धी घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. रस्ता बंद झाला तर पोरी शाळेऐवजी मिरचीच्या शेतात जाणार, हे उघड होतं.

म्हणून ‘सुरक्षित’ लिहिणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. माझ्याकडे पुरावाही होता. वाटेवर आम्ही दोन कॅमेरा ट्रॅप लावले होते. कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाला बांधलेला कॅमेरा, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढतो. पंधरा दिवसांत वाघिणीचा एकच फोटो आला होता, तोही रात्रीचा. आमच्या बीट गार्डने, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाने, त्यावर निकाल देऊन टाकला.

“साहेब, वाघीन रातची जाते, लेकरं दिवसा जाते. दोघायची भेटच होत नाई.”

वरच्या साहेबांचाही फोन येऊन गेला होता. एक रस्ता बंद केला की उद्या दहा गावं येतील, उगाच नसता व्याप करू नका, असं त्यांचं म्हणणं.

शाळेचा चार्ज मडावी बाईंकडे होता. चाळिशीच्या, मूळच्या मुलचेऱ्याकडच्या. गावात चांगली खोली मिळत असताना त्या टोल्यात राहत. कारण विचारलं तर म्हणाल्या, मुलांनी एकटं कशाला यावं. पहिलीतली पोरं मराठी बुजून बोलायची, त्यांच्याशी त्या गोंडीतच सुरुवात करायच्या आणि हळूच मराठीत आणायच्या. मी गेलो तेव्हा वर्गात कुणीही उठून ‘नमस्ते साहेब’ म्हणून ओरडलं नाही. सगळी आपापल्या कामात होती. मला जरा रागच आला, खोटं कशाला बोलू.

पोचेचा कागद पुढे केला. बाईंनी तो वाचला. सही केली नाही. कपाटाकडे गेल्या, कुलूप काढलं आणि एक दोनशे पानी वही माझ्यासमोर ठेवली.

“आमची रस्त्याची वही हाय साहेब. पाहून घ्या.”

मोजमाप शिकवताना बेंच आणि फळा मोजून मुलं कंटाळली होती. म्हणून जूनपासून बाईंनी रस्ताच मोजायला घेतला होता. वाटेत जे ठसे दिसतील ते स्केलने मोजायचे, चित्र काढायचं, कुठे आणि किती वाजता दिसले ते लिहायचं. चितळ, रानडुक्कर, अस्वल, सगळं होतं. अक्षर बहुतेक सातवीतल्या प्रमिलाचं, एकदम सुबक.

मी हसत हसतच पानं उलटली. लहान मुलं कुत्र्याच्या ठशालाही वाघ म्हणतात, हा आमचा अनुभव. कुत्र्याच्या पंजात नखं उमटतात, वाघाच्या नाही, कारण तो चालताना नखं आत ओढून घेतो. म्हटलं, आता पकडतो चूक. चूक सापडली नाही. कुत्र्याच्या चित्रात नखं होती, वाघाच्या चित्रात नव्हती. डिसेंबरपासून वाघिणीच्या ठशाशेजारी लहान ठसे होते. म्हणजे पिल्लं! आमच्या रेकॉर्डला पिल्लंच नव्हती.

शेवटचं पान गेल्या शनिवारचं. बांबूच्या वळणावर मुलांच्या सकाळच्या चपलांचे ठसे, आणि त्यांच्यावर वाघिणीचा पंजा. पंजा वर, चप्पल खाली. दुपारी शाळा सुटल्यावर परत जाताना पाहिलेलं. याचा अर्थ सांगायला कुणी अधिकारी लागत नाही. वाघीण दिवसा, मुलांच्या मागून, त्याच वाटेवर चालली होती.

मी गार्डला घेऊन वळणावर गेलो. ठसे होते, पिल्लांचेही होते. आमचे कॅमेरे वाटेच्या दोन टोकांना होते, कारण तिथपर्यंत मोटरसायकल जाते. वाघीण मधूनच यायची आणि मधूनच बांबूत शिरायची. मी त्याला दोष दिला नाही, कारण कॅमेऱ्यांच्या जागेवर सही माझीच होती.

परत शाळेत आलो. बाईंना विचारलं, ही वही दाखवली नसती तर मी ‘सुरक्षित’ लिहून देणार होतो, हे तुम्हाला माहीत होतं?

“माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “तुमी येनार असं पत्र आलं त्या दिवसापासून वही कपाटात ठेवली होती. वाटलं, साहेब येतील अन् लिहून देतील. टोल्यातले चार मानसं काठ्या घेऊन लेकरांले शाळेत सोडून देऊन राह्यले, तेवढ्यावर वर्ष निघून जाईल. पण लेकरांले मीच सांगते ना, जे दिसलं तेच लिहाचं. मंग मी काऊन झाकू?”

“रस्ता बंद झाला तर मुली मिरचीला जातील.”

“जातील. प्रमिलाची माय तर तयारीच करून राह्यली.”

एवढं बोलून त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी दुसरीकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी मी ‘असुरक्षित’ लिहिलं. साहेबांनी विचारलं, अचानक काय झालं? मी सांगितलं. म्हणाले, “शाळेतल्या पोरांच्या वहीवर रिपोर्ट करता?” मी म्हटलं, वहीवर नाही सर, ठशांवर केला, पण ठसे पोरांनी दाखवले. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकांना बोर्ड लागले. रस्ता बंद.

आता दुसरा रस्ता. आमच्या जंगलातून फिरून नऊ किलोमीटर, मध्ये आमचंच कुलूपबंद फाटक. रोज सकाळी आमची गस्तीची गाडी टोल्यावरूनच रिकामी जायची. तीच मुलांना आणेल-नेईल, असा प्रस्ताव मी पाठवला. साधी गोष्ट वाटली होती. साहेबांनी विचारलं, सरकारी गाडीत खाजगी प्रवासी कुठल्या नियमात? मग इन्शुरन्सचं पत्र, मग शिक्षण खात्याचं ना-हरकत, मग आणखी एक पत्र. फाईल फिरत राहिली.

तोवर बाई काय करत होत्या? पहाटे उठून टोल्याच्या मांडवात शिकवायच्या. मग बाहेरच्या डांबरी रस्त्याने, लांबचा फेरा घेऊन, स्कूटीवर गावातली शाळा. संध्याकाळी परत टोल्यात. एकदा मी म्हटलं, बाई, तब्येत सांभाळा. म्हणाल्या, गाडी सांभाळा साहेब, तब्येतीचं मी पाहते.

तेविसाव्या दिवशी परवानगी आली. गाडी टोल्यावर गेली तेव्हा अकरापैकी आठ मुलं बसली. तीन मुली तेलंगणात गेल्या होत्या. प्रमिला त्यांच्यात होती.

बाईंनी रजा टाकली आणि गावोगाव विचारत मिरचीच्या शेतांपर्यंत गेल्या. चौथ्या दिवशी दोन मुलींना घेऊन परत आल्या. त्यांना आजीजवळ ठेवायला घरचे तयार झाले होते. प्रमिलाचं घर तयार झालं नाही. तिच्या आईने जेवू घातलं, पाया पडली, पण पोरीला सोडलं नाही. सातवीची परीक्षा प्रमिलाने दिली नाही. पुढेही ती शाळेत आली नाही.

बदली होऊन निघताना मी बाईंना भेटायला गेलो. वही दाखवल्याचा पस्तावा होतो का, असं विचारलं. विचारायला नको होतं.

“होते ना साहेब. रोज होते,” त्या म्हणाल्या. “पुन्हा तशी वेळ आली तरी दाखवीन. पन तुमी गाडी लवकर पाठवा.”

त्यानंतर नोकरीत मी आणखी काही रस्ते बंद केले, करावेच लागतात. बंद करायला एक सही पुरते, ती एका संध्याकाळी होते. म्हणून मी एक पद्धत ठेवली. गाडीचा अर्ज आधी लिहायचा, त्याच्यामागे स्वतः लागायचं, आणि बंदीचा आदेश त्याच टेबलावर बसून दुसऱ्या नंबरला लिहायचा. यासाठी कुणी मला शाबासकी दिली नाही. प्रमिलाला त्याचा काही उपयोग झाला नाही.