आवडलेल्या शाळेकडं बघायचं नाही

माझा धंदा म्हशींचा. गडमुडशिंगीत गोठा आहे, आणि गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत कुणाच्या दावणीला कसली म्हैस उभी आहे ते मला तोंडपाठ असतं. कुणी हात धरून या धंद्यात आणलं नाही, एका म्हशीवर सुरुवात केली. एवढ्या वर्षांत मी एक नियम कधी मोडला नाही. आवडलेल्या म्हशीकडं बघायचं नाही. शेजारच्या म्हशीचे दात बघायचे, कास चाचपायची, नाक मुरडायचं, चहा प्यायचा आणि निघता निघता विचारायचं, "आणि ही हो? हिचं काय म्हणताय?" ज्याचं मन आधी दिसलं तो बुडाला.

हा नियम मी माझ्या पोरीलाही शिकवला, आणि त्यापायी तिची शाळा हातची जाणार होती.

पोरगी तेव्हा चौथीत होती. गावातल्या शाळेच्या बाईंनी मला आणि बायकोला बोलावून घेतलं. मला वाटलं कुणाला तरी मारलं असणार, कारण डोक्यानं ती माझ्यावर गेली आहे. बाई म्हणाल्या, "हिची पुस्तकं दिवाळीआधीच संपतात. मग ती मला प्रश्न विचारत बसते. मी घरी जाऊन शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे. आता मला पुरं पडत नाही. शहराकडं हुशार मुलांसाठी एक खाजगी शाळा आहे, पाचवीपासून घेतात. तिथं दाखवून या."

मी स्वतः चौथीत असताना गुरुजींनी शिष्यवृत्तीच्या जादा तासाला सहा पोरं निवडली होती. तोंडी हिशेबात वर्गात माझ्या जवळपास कुणी नव्हतं. मी उभा राहिलो तर म्हणाले, "तू कशाला? तुला म्हशीच राखायच्यात." गुरुजी आता थकलेत. संध्याकाळी दुधाला माझ्याच गोठ्यावर येतात. मी त्यांना खुर्ची देतो, चहा देतो, मापावर चार थेंब जास्त घालतो, आणि राग आहे तिथंच ठेवतो.

म्हणून त्या दिवशी 'हुशार' हा शब्द ऐकून बाहेर आलो आणि नुसताच गाडीला किक मारत राहिलो.

बायको म्हणाली, "अवो, बटण हाय की त्याला."

शाळा शहराबाहेर टेकाडावर आहे. पालकांना दाखवायचा एक दिवस असतो, त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी सवयीनं सुरू झालो. मैदान बारकं आहे, जिना अरुंद आहे, पाण्याची टाकी उन्हात आहे. तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सगळं शांतपणे ऐकून घेत होत्या. मग मी फीचा विषय काढला. "ते सगळं राहू दे. शेवटचं काय ते बोला."

"पहिलंच शेवटचं आहे," त्या म्हणाल्या.

मी उठलो आणि दाराकडं चालू लागलो. बाजारात अशा वेळी मागून हाक येतेच. दारापर्यंत गेलो, बाहेर चपलाही घातल्या, हाक आली नाही. चपला काढून परत आत येऊन बसलो. बायको खिडकीकडं तोंड करून हसत होती.

तेवढ्यात पोरीनं माझी बाही ओढली आणि मला व्हरांड्यात नेलं. तिथं एक लांबलचक काळी भिंत होती. पोरांनी तिच्यावर खडूनं प्रश्न लिहायचे, आणि उत्तर सापडेपर्यंत ते कुणी पुसायचे नाहीत, शिक्षकांनीसुद्धा नाही. पोरगी एकेक वाचत होती. "पप्पा, मला हितंच यायचंय. मला हीच शाळा पाहिजे!" आणि हे एवढ्या मोठ्यानं, की मोठ्या बाई दहा पावलांवर.

मी खाली वाकून तिच्या कानात सांगितलं, "गप. आपल्याला पाहिजे हे त्यांना कळलं की संपलं. कुणी विचारलं तर 'बघू' म्हणायचं."

तिनं मान हलवली आणि लगेच भिंतीकडं पाठ केली. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

म्हैस एका वेळच्या धारेवर घेत नाहीत. सकाळची बघायची, संध्याकाळची बघायची. म्हणून पुढच्या आठवड्यात मी कुणाला न सांगता शाळा सुटायच्या वेळी गेलो आणि समोरच्या टपरीवर चहा घेऊन उभा राहिलो. पोरं बाहेर आली. त्यातली दोघं गेटवरच्या वॉचमनशी हुज्जत घालत होती. गेटची सावली उन्हाळ्यात आखूड आणि थंडीत लांब का, असं काहीतरी होतं.

"सोळा वर्षं हितं बसतोय मी. मला सावली शिकवतोय व्हय रं?" वॉचमन ओरडला, आणि ओरडता ओरडता स्वतःच काठी घेऊन मातीत रेघा मारायला बसला. पोरं त्याच्या दोन बाजूंना उकिडवी. घ्यायला आलेल्या आया उन्हात ताटकळत होत्या, पण कुणी चिडलं नाही. माझा चहा गार झाला. मी ठरवून टाकलं, आणि सवयीप्रमाणं घरी कुणाला बोललो नाही.

पोरीनं लेखी परीक्षा दिली. मग मुलाखतीला बोलावलं. ती पुढं, आम्ही मागच्या खुर्च्यांवर.

"काय आवडलं तुला आमच्या शाळेत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तसं काय न्हाय."

"ती प्रश्नांची भिंत बघितलीस?"

"बघितली. बरी हाय."

"तुझा एखादा प्रश्न लिहावासा वाटतो का तिच्यावर?"

घरी जेवताना घास हातात धरून प्रश्न विचारणारी पोर ती. म्हणाली, "सध्या तरी न्हाय."

"बरं, इथं यायचंय का तुला?"

"बघू की. अजून दोन-तीन ठिकाणी दाखवलंय."

हे वाक्य शब्दन् शब्द माझं होतं. माझ्याबरोबर बाजारात हिंडून उचललेलं. मला आधी हसू आलं, मग मी बाईंच्या तोंडाकडं बघितलं.

बाईंनी चष्मा काढला. "पेपर उत्तम आहे हिचा. पण आम्ही मुलांची ओढ बघतो. आईवडिलांच्या हट्टापायी आलेली मुलं इथं कोमेजून जातात. हिला यायचं दिसत नाही, आणि आमच्याकडं जागा थोड्या आहेत."

माझं डोकं फिरलं. मी उठलो तशी खुर्ची मागं पडली. "म्हशीवाल्याची पोर म्हणून नको म्हणताय! कुणाला घ्यायचं ते आधीच ठरवायचं आणि मग कारणं सांगायची, आमाला काय नवीन न्हाय हे!"

"खाली बसा," बायको म्हणाली. "बाईंचं काय चुकलं ह्यात? पढवलं कुणी तिला?" मग बाईंकडं वळून, "मॅडम, ह्यांनीच सांगितलंय, पाहिजे असं म्हणायचं न्हाय म्हणून. म्हशीच्या बाजारात तसं करतात."

मी खुर्ची उचलली. "बाळा, बोल. तुझ्या मनात काय हाय ते सांग मॅडमना."

पोरगी माझ्याजवळ आली, माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि कुजबुजली. पण तिची कुजबूज गोठ्यातली, सगळ्यांना ऐकू गेली. "खरंच बोलू, का अजून भाव चाललाय?"

मोठ्या बाई हसल्या. पहिल्यांदाच.

"खरंच बोल."

"मग आधी तुमी बोला."

दुसरा रस्ताच नव्हता. समोरच्याच्या डोळ्यांत बघून असं बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. "मॅडम," मी म्हणालो, "आमाला हीच शाळा पाहिजे. मी एकदा लांबनं बघून गेलोय. अशी शाळा मी बघितली न्हाय. आणि दुसरीकडं कुठंबी दाखवलेलं न्हाय."

मग पोरगी सुटली. रेडकू अंधारात आपली आई कशी ओळखतं? म्हशीचं रवंथ चालू असताना ती झोपलेली असते का जागी? आणि झोपलेली असली तर तिला स्वप्न पडतं का? बाईंनी उत्तर दिलं नाही, टेबलावरचा खडू तिच्या हातात दिला.

"मी लिहून येतो!" म्हणत ती पळाली. खिडकीतून दिसत होतं. हात पोचेना म्हणून तिनं शिपाईमामांकडून स्टूल मागून घेतलं आणि त्यांनाच ते धरायला लावलं.

"अवो, सगळा खडू संपीवती बघा ती," बायको म्हणाली.

"लिहू दे," असं म्हणून बाईंनी ड्रॉवरमधून प्रवेशाचा फॉर्म काढला आणि मला पोरीची जन्मतारीख विचारली. मला काही केल्या आठवेना. बायकोनं सांगितली.